परभणीत पन्नास वर्षांपासून जनावरांचं कॉलेज, पण गावच्या लेकरांच्या पदरात काय?

परभणी : गाय अडली, म्हशीचं अंग बाहेर आलं, बैलाच्या पोटात तार गेली, की गावात एकच सल्ला मिळतो. "परभणीला कॉलेजला न्या." मग छोटा हत्ती भाड्याने ठरतो, खाली कडबा अंथरला जातो आणि जिंतूर, पालम, सोनपेठकडून गाडी परभणीच्या रस्त्याला लागते. जनावराच्या डोक्यापाशी बसून घरातला एक जण जातो. जनावर वाचलं तर कॉलेजचं नाव निघतं, नाही वाचलं तर नशिबाचं.

जिल्ह्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांची पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी ओळख अशी दवाखान्यापुरतीच आहे. ते शिकायचं ठिकाण आहे, आपलं लेकरू तिथं शिकू शकतं, घरातली बाई तिथून काही शिकून येऊ शकते, ही गोष्ट गावात फार कमी बोलली जाते. बारावी सायन्स झालेल्या पोराला एमबीबीएस माहीत असतं, नर्सिंग माहीत असतं, पोलीस भरतीचं मैदान तर पाठच असतं. आपल्याच जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर होता येतं हे मात्र त्याला अर्जाची तारीख गेल्यावर कळतं.

हा विषय आता काढायचं कारण आहे. २०२५ सालात तीन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये राज्य लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकारी गट अ या पदाच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली. जुलैमध्ये राज्य सरकारने पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय जाहीर केला. आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यात गोठ्यात बांधलेली जनावरं दावणीसकट गेली. तिन्ही गोष्टी एकच सांगतात. जनावर हा आता शेतीचा जोडधंदा राहिलेला नाही, अनेक घरांत तोच मुख्य आधार आहे, आणि त्याचं शिकलेलं माणूस गावात लागतं.

कॉलेज कधीचं, कोणाचं

परभणीचं पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय १९७२ चं. महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचं ते वर्ष. त्याच साली १८ मे रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि हे महाविद्यालय त्याच विद्यापीठाचा भाग होतं. पुढे राज्याने पशुवैद्यक आणि मत्स्य शिक्षण वेगळं काढलं. ३ डिसेंबर २००० रोजी नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं, ज्याला सगळे 'माफसू' म्हणतात. तेव्हापासून परभणीचं कॉलेज माफसूकडे आहे. बाजूचं कृषी विद्यापीठ वेगळं, हे कॉलेज वेगळं. आजही अनेक पालक अर्जासाठी कृषी विद्यापीठाच्या दारात जातात, म्हणून हे सांगणं भाग आहे.

राज्यात पशुवैद्यक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचं कॉलेज १८८६ चं. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी बाकीची नंतर आली. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर ही दोन. लाल कंधारी, देवणी आणि उस्मानाबादी शेळी या तिन्ही नामांकित जाती याच मराठवाड्याच्या. म्हणजे जनावरं आपली, कॉलेज आपलं. मग शिकणारे आपले किती, हा प्रश्न उरतो.

डॉक्टर व्हायचं असेल तर

पदवीचं नाव बी.व्ही.एससी. अँड ए.एच. एकूण साडेपाच वर्षं. त्यात साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष दवाखान्यात आणि गोठ्यावर काम. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गाला या विषयांत ५० टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो.

इथे गावाकडची पोरं दोन ठिकाणी चुकतात.

पहिली चूक, "नीट दिली म्हणजे अर्ज झाला" असं समजणं. एमबीबीएस, बीएएमएसची प्रवेश प्रक्रिया वेगळी असते. पशुवैद्यकासाठी माफसूकडे वेगळा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेची प्रक्रिया पुन्हा वेगळी. निकाल लागल्यावर पोरगं एमबीबीएसच्या यादीकडे डोळे लावून बसतं आणि इकडे दुसऱ्या अर्जाची तारीख निघून जाते.

दुसरी चूक, पशुवैद्यकाला 'काहीच नाही मिळालं तर' या रांगेत ठेवणं. २०२५ ला देशभरात २२ लाखांहून जास्त विद्यार्थी नीटला बसले. त्यात एमबीबीएसची सरकारी जागा मिळणारे थोडे. लातूर, नांदेडच्या क्लासला दोन-दोन वर्षं घालून, बापाने सोयाबीन आणि कापसाचे पैसे ओतून, थोड्या गुणांनी हुकलेल्या पोरासाठी हा रस्ता कमी प्रतीचा अजिबात नाही. पदवीनंतर लोकसेवा आयोगातून पशुधन विकास अधिकारी होता येतं, दूध संघ, विमा कंपनी, औषध कंपनी, कुक्कुटपालन कंपनीत काम मिळतं, बँकेत अधिकारी होता येतं, स्वतःचा दवाखाना टाकता येतो. पुढे शिकायचं तर दोन वर्षांचं एम.व्ही.एससी. आणि त्यानंतर पीएच.डी. आहे.

मुलींच्या बाबतीत तर एक मोठी गोष्ट झाली आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पशुसंवर्धनाचे अभ्यासक्रमही त्यात आहेत. वसतिगृह, जेवण, पुस्तकं हा खर्च राहतोच. पण 'फी झेपणार नाही' म्हणून पोरीचं लग्न उरकायचं, हे कारण आता तितकं खरं राहिलेलं नाही. 'जनावरांचं काम बाईला जमत नाही' हे कारण तर कधीच खरं नव्हतं. घरोघरी धार काढणारी, शेण काढणारी, व्यालेल्या म्हशीपाशी रात्रभर बसणारी बाईच आहे.

नीटमध्ये मन नसेल तर माफसूचाच दुग्धतंत्रज्ञानाचा चार वर्षांचा बी.टेक. आहे. त्याचं कॉलेज उदगीरला आहे आणि पुसदजवळ वरूडला. तो प्रवेश राज्याच्या सीईटीवर होतो. दूध डेअरी, चिलिंग प्लांट, आइस्क्रीम, पनीर, पावडर या कारखान्यांत त्याला काम आहे.

पदवी, पदविका आणि कायद्याची रेघ

यानंतर येतो पदविकेचा विषय. इथेच गावात सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि पैसेही इथेच बुडतात.

पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची पदविका माफसूशी संलग्न संस्थांमधून मिळते. यातून शिकलेली मुलं पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागतात. जिल्हा परिषदेच्या श्रेणी २ च्या दवाखान्यात गावाला जे 'डॉक्टर' भेटतात ते पुष्कळदा हेच. त्यांच्या जोरावर अनेक वर्षं गावं चालली, हे कोणी नाकारू नये. रात्री दोनला फोन उचलणारा माणूस गावाला पदवी विचारून बोलवावा वाटत नाही.

पण कायदा काय म्हणतो ते माहीत असलं पाहिजे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ३० प्रमाणे पशुवैद्यक म्हणून उपचार करण्याचा आणि दाखल्यावर सही करण्याचा हक्क नोंदणीकृत पदवीधराला आहे. त्याच कलमात एक सूट आहे. राज्य सरकार पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या माणसाला, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देण्याची परवानगी देऊ शकतं. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक उपचार अशी ती कामं. महाराष्ट्राने तशी अधिसूचना २७ ऑगस्ट २००९ ला काढली. त्यावरून पदवीधर आणि पदविकाधारक यांच्यात वाद आहे, आणि २०२१ मध्ये पदविकाधारकांनी कामबंद आंदोलनही केलं होतं.

वाद त्यांचा असला तरी फटका शेतकऱ्याला बसतो. तो असा. विम्याची म्हैस मेली, वीज पडून बैल गेला, पुरात गाय वाहून गेली, की पैसे मिळण्यासाठी पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो. आपत्तीच्या सरकारी निकषांत दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये धरलेले आहेत. सहीच चालत नसेल तर ही फाइल अडते. म्हणून लेकराला पदविकेला घालताना तीन गोष्टी बघाव्यात. संस्था माफसूशी संलग्न आहे का, हे माफसूकडूनच तपासावं. अभ्यासक्रमाची मुदत आणि पात्रता चालू वर्षाच्या माहितीपत्रकात वाचावी, कारण या गोष्टी बदलत असतात. आणि 'पदविका केली की जनावरांचा डॉक्टर' असं कोणी सांगत असेल तर तिथून उठावं.

तीन महिन्यांची 'मैत्री'

केंद्राच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये 'मैत्री' नावाने गावपातळीवरचे कृत्रिम रेतन तंत्रज्ञ तयार केले जातात. प्रशिक्षण साधारण तीन महिन्यांचं. एक महिना वर्गात आणि दोन महिने प्रत्यक्ष कामावर. बारावी झालेल्या, गावातच राहणाऱ्या पोरासाठी ही गोष्ट आहे. प्रशिक्षणानंतर साहित्य मिळतं, पण ही नोकरी नाही. पगार नाही. केलेल्या सेवेचे पैसे घ्यायचे आणि धंदा उभा करायचा, असा तो हिशेब आहे.

हा हिशेब आधी मांडून बघावा. समजा आजूबाजूच्या पाच गावांत मिळून महिन्याला ६० जनावरं भरवायला मिळाली आणि पेट्रोल, वीर्यमात्रा, द्रव नायट्रोजनचा खर्च जाऊन एका रेतनामागे १०० रुपये हातात राहिले, तर महिन्याचे ६,००० होतात. एवढ्यावर संसार चालणार नाही. पण घरची शेती, दोन म्हशी आणि सोबत हे काम, असं असेल तर ते उभं राहतं. कोणी 'सरकारी नोकरी लागणार' म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही हिशेब आहे. गाय-म्हैस दर २१ दिवसांनी माजावर येते. माज ओळखला नाही किंवा वेळेवर रेतन झालं नाही तर २१ दिवस फुकट. दिवसाचा चारा-पेंडीचा खर्च दीडशे रुपये धरला तरी एका चुकलेल्या माजाचे तीन हजारांहून जास्त जातात. तीनदा उलटली तर जवळपास दहा हजार. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा साधा नियम आहे. म्हैस तर बऱ्याचदा मुका माज दाखवते. हंबरत नाही, सोट थोडाच टाकते, आणि रात्री-पहाटे माजावर येते. तीन महिने शिकलेला पोरगा गावात असेल तर याच ठिकाणी फरक पडतो. आणि न शिकलेला कोणी सुई-नळी घेऊन फिरत असेल तर याच ठिकाणी म्हैस कायमची भाकड होते. राज्याने २०२३ मध्ये गोजातीय प्रजननाचं नियमन करणारा कायदा केला तो याचसाठी. रेतन करणाऱ्याने नोंदणी केलेली असावी आणि वीर्यमात्रा कुठली आहे ते कळावं, हा त्यातला गाभा.

शेतकऱ्यासाठी लहान प्रशिक्षण, पण कागदासाठी की कामासाठी?

पदवी-पदविका नको, फक्त आपला गोठा नीट चालवायचा आहे, अशा लोकांसाठीही रस्ते आहेत. प्रत्येक पशुवैद्यकीय महाविद्यालयात विस्तार शिक्षणाचा विभाग असतो आणि शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान नेणं हेच त्याचं काम. परभणीत मराठवाडा शेती सहाय्य मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँकांमार्फत जिल्हावार चालतात. तिथं दुग्धव्यवसाय, शेळीपालन, कुक्कुटपालनाचे साधारण दहा दिवसांचे निवासी वर्ग होतात आणि राहणं-जेवण मोफत असतं.

या वर्गांना गर्दी होते, पण गर्दीचं कारण बघायला हवं. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी-मेंढीपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे. १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या प्रकल्पाला कमाल १० लाख, ५०० शेळ्या आणि २५ बोकडांना कमाल ५० लाख. अर्ज करणाऱ्याकडे प्रशिक्षण किंवा अनुभव हवा, असं त्यात आहे. म्हणून प्रमाणपत्र हवं असतं. फाइलला जोडायला एक कागद, एवढीच त्याची किंमत अनेकांच्या डोक्यात आहे.

आणि मग काय होतं? अनुदानाच्या आशेवर शंभर शेळ्या एकदम आणल्या जातात. वेगवेगळ्या बाजारांतून आणलेल्या, लस न टोचलेल्या. आल्या-आल्या एका शेडमध्ये कोंडलेल्या. पहिल्याच पावसाळ्यात पीपीआर किंवा आंत्रविषार शिरतो आणि आठ-पंधरा दिवसांत शेड निम्मी होते. कर्ज मात्र पूर्णच राहतं. दहा दिवसांच्या वर्गात हेच सांगितलेलं असतं. नवीन आणलेली शेळी कळपापासून दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, जंताचं औषध द्या, लसी आधी उरका, आणि सुरुवात शंभरने नको, दहाने करा. जो कागदासाठी बसला होता त्याच्या कानावरून ते गेलेलं असतं.

शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते सगळं पैशात मोजता येतं. वासरू-करडाला जन्मल्यापासून पहिल्या तासाभरात चीक पाजणं. नाळेला आयोडीन लावणं. दगडी व्हायच्या आधी कासेची तपासणी करणं. धारेनंतर सडं औषधात बुडवणं. मका आला की मुरघास घालणं. पाथरी, मानवत, सोनपेठकडे ऊस तुटायला लागला की महिनोन् महिने नुसते वाढे टाकले जातात. वाढ्यातल्या ऑक्झलेटने अंगातलं कॅल्शियम ओढलं जातं, मग व्यालेली म्हैस बसते. 'नजर लागली' म्हणून उतारा टाकायचा की खनिज मिश्रण आणि कडबा सोबत द्यायचा, एवढाच प्रश्न असतो. या गोष्टीला पदवी लागत नाही, कोणीतरी समोर गोठ्यात उभं राहून दाखवावं लागतं.

अडतं कुठे

एवढे रस्ते असूनही गावात शिकलेला माणूस कमी का? याचं उत्तर कोणा एका कार्यालयाकडे बोट दाखवून मिळणार नाही. गाठ चार ठिकाणी आहे.

पहिली गाठ प्रवेशाची. पदवीच्या जागा नीटच्या गुणांवर भरतात. जिल्ह्यात कॉलेज आहे म्हणून जिल्ह्यातल्या पोराला जागा मिळत नाही. क्लास परवडलेला शहरातला मुलगा पुढे जातो. तो चांगला डॉक्टर होईलही, पण पाच-सात वर्षांनी पालम किंवा जिंतूरच्या आडवळणी दवाखान्यात राहण्याची इच्छा त्याला असेलच असं नाही. ज्याच्या घरी म्हैस आहे, तो यादीत मागे राहतो.

दुसरी गाठ पदांची. एका पशुवैद्यकामागे ५,००० मोठी जनावरं असावीत, असं राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच सांगून ठेवलं. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन मोजलं गेलं. त्यात १ कोटी ६ लाख तर फक्त शेळ्या. पुढची गणना २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली. २,७९५ पदांची जाहिरात एकदम निघते, याचाच अर्थ तेवढ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. २०२२ ला लम्पी आली तेव्हा लसीकरणासाठी आंतरवासितेच्या विद्यार्थ्यांना मदतीला घ्यावं लागलं. त्या पोरांनी काम केलं, गावांनी बघितलं. पण साथ आल्यावर विद्यार्थी बोलवायचे, ही काही कायमची व्यवस्था नव्हे. १९६२ वर फोन केला की फिरतं पथक येतं, ही सोय चांगली आहे. तरी एक गाडी एका वेळी एकाच गावात असते.

तिसरी गाठ वेळेची आणि जागेची. दहा दिवस घर सोडून जायचं म्हटलं तर धार कोण काढणार? पेरणीत आणि सोयाबीन काढणीत वर्ग ठेवला तर जाणार कोण? आणि जनावरांचं जास्तीत जास्त काम करणारी बाई दहा दिवस मुक्कामी जाऊ शकते का? प्रशिक्षणाला पुरुष जातो, घरी येऊन सांगत नाही आणि गोठ्यात काम बाईच करते. शिकलेला एक आणि राबणारी दुसरी. 'उमेद'च्या पशुसखी या बाबतीत वेगळ्या ठरतात. गटातली, गावातली बाई शिकते, जंताचं औषध, लसीची आठवण, प्राथमिक उपचार यात शेजारणीला मदत करते. या सख्यांचं पुढचं शिक्षण कॉलेजशी जोडलं गेलं तर कमी पैशात सगळ्यात मोठा बदल तिथून होईल.

चौथी गाठ पायऱ्यांची. दहा दिवसांचा वर्ग, तीन महिन्यांची मैत्री, पदविका, पदवी या चार पायऱ्या आहेत, पण एका पायरीवरून दुसरीवर जायला जिना नाही. पशुसखी दहा वर्षं चांगलं काम करून पदविकेला जाऊ शकत नाही. पदविकाधारक पर्यवेक्षक वीस वर्षं गोठे फिरून पदवीला जायचं म्हणाला तर त्याला पुन्हा बारावीच्या पोरांसोबत नीटच्या रांगेत उभं राहावं लागतं. हाताला येणारं काम आणि कागदावरची पात्रता यांच्यामधली ही दरी आहे तोवर पदवीधर विरुद्ध पदविकाधारक हा वाद मिटणार नाही आणि गावातला अर्धशिक्षित माणूस इंजेक्शन टोचतच राहील.

कृषी समकक्ष दर्जा आणि शिकलेला हात

जुलै २०२५ च्या निर्णयाने १०० दुधाळ जनावरं, ५०० शेळ्या-मेंढ्या, २५,००० मांसल कोंबड्यांपर्यंतच्या व्यवसायाला शेतीसारखा दर्जा मिळण्याचा मार्ग खुला झाला. वीज शेतीच्या दराने, कर्जाच्या व्याजात सवलत, सौरऊर्जेत सवलत असा त्यातला फायदा सांगितला गेला. किसान क्रेडिट कार्ड पशुपालनाला आधीपासून आहे, आणि विनातारण कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख झाली.

म्हणजे पैसा येण्याची वाट मोकळी होत आहे. पण पैसा आधी आला आणि शिक्षण मागे राहिलं तर काय होतं, ते शेळ्यांच्या शेडने दाखवलं आहे. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये असला तरी बाजारात तो प्रत्येकाला मिळत नाही, म्हणून पोरं दूध आणि शेळीकडे वळत आहेत. ती वळणार असतील तर शिकून वळावीत, यात सगळ्यांचा फायदा आहे. बँकेचाही, कारण जनावर जगलं तरच हप्ता येतो.

गावाने काय करावं

सगळं सरकारवर सोडून चालणार नाही, आणि सगळं शेतकऱ्यावर ढकलूनही चालणार नाही. काही गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत.

– बारावी सायन्सच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने नीट झाल्या-झाल्या मुलांना माफसूच्या वेगळ्या अर्जाची माहिती द्यावी. एका व्हॉट्सॲप मेसेजचं काम आहे.

– एकट्याने विचारायला गेलं की काम अर्धवट होतं. २५-३० जणांचा गट, बचत गट किंवा दूध संस्था म्हणून ग्रामपंचायतीच्या ठरावासह महाविद्यालयाच्या विस्तार विभागाकडे, कृषी विज्ञान केंद्राकडे लेखी मागणी करावी. विषय नेमका लिहावा. 'पशुपालन मार्गदर्शन' असं मोघम नको. 'म्हशीचा मुका माज', 'शेळीचं लसीकरण', 'मुरघास' असं लिहावं.

– वर्ग गावात, गोठ्यात आणि दुपारी १२ ते ४ मध्ये मागावा. सकाळ-संध्याकाळ धारेची असते. महिना पेरणी आणि काढणी सोडून ठरवावा.

– घरातून एकच जण जाणार असेल तर जो गोठ्यात काम करतो त्यानेच जावं. म्हणजे बहुतेक घरांत बाईने.

– नवीन शेड बांधण्याआधी शिकावं, नंतर नाही. आधी दहा शेळ्यांनी वर्ष काढावं.

– गावात रेतन करणाऱ्याला नोंदणी विचारावी. विचारण्यात अपमान नाही. शिकलेला माणूस कार्ड दाखवतो.

– लोकप्रतिनिधी मतं मागायला आले की रस्ता-नाली यासोबत श्रेणी १ चा दवाखाना आणि तिथला भरलेला पशुधन विकास अधिकारी, हाही प्रश्न विचारावा.

पोळ्याला बैल सजवतो, त्याच्या शिंगांना रंग लावतो, पुरणपोळीचा घास भरवतो. त्याच बैलाला घटसर्पाची लस पावसाळ्याआधी टोचली का, हे मात्र वर्षानुवर्षं विसरून जातो. परभणीच्या कॉलेजला पन्नास वर्षं होऊन गेली. तिथपर्यंत आजारी जनावर घेऊन जाणारा रस्ता जिल्ह्यातल्या नऊही तालुक्यांना पाठ आहे. त्याच रस्त्याने आता दप्तर घेतलेलं लेकरू आणि वही घेतलेली बाई जायला लागली, तर छोटा हत्ती भाड्याने घ्यायची वेळ कमी येईल.